सत्तर अक्षरांत बसेल तेवढं

१७ जुलै २०१७, सोमवार

चार वर्षांपूर्वी तार बंद झाली आणि त्या आठवड्यात मी डायरीही बंद केली. लिहिणार काय? सकाळी फिरायला गेलो, दुपारी झोपलो, बायकोनं, रजनीनं, भाजीवरून ऐकवलं. आज एकसष्टाव्या वर्षी पुन्हा नोकरीवर रुजू झालो, तेव्हा वही विकत आणणं भागच होतं.

जागा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आहे, एका गोदामाच्या माडीवर. दारावर पाटी लावली आहे, 'इशारा कक्ष'. कंपनी पुण्याची. नाव लिहीत नाही, कारण बाहेर काही बोलणार नाही अशा कागदावर त्यांनी सही घेतली आहे. काम असं. जिल्ह्यातल्या काही गावांत कपाशीच्या शेतात सापळे लावले आहेत. बोंडअळीचे पतंग त्यात अडकले की सापळा स्वतःच मोजतो आणि आकडा आमच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर येतो. सलग तीन दिवस आठाच्या वर पतंग आले की ते गाव लाल होतं. गाव लाल झालं की त्या गावच्या सगळ्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर एकदम संदेश पाठवायचा. तो कक्षप्रमुखानं पाठवायचा. कक्षप्रमुख म्हणजे मी.

दुसरी एक मुलगी आहे, उर्वशी राठोड. कळंबकडच्या तांड्यावरची, बीएस्सी झालेली. संगणकाचं सगळं तिलाच येतं. मला सर म्हणते, पण माउस कसा धरायचा ते माझ्याच हाताला धरून शिकवलं.

रजनी म्हणाली, आता सूचना द्यायला जिल्हा मिळाला, म्हणजे स्वयंपाकघर सुटलं.

२० जुलै

आज पुण्याहून भैरवी मॅडमचा फोन. त्या या कामाच्या मुख्य. शेतीच्या जाणकारांनी संदेशाचा मजकूर लिहून दिला होता तो यंत्रात बसत नाही म्हणाल्या. मराठीत एका संदेशाला सत्तर अक्षरांची मर्यादा, आणि यंत्र काना, मात्रा, टिंब, मधली जागा, सगळं वेगळं मोजतं. त्याच्या वर गेलं की दोन संदेश होतात आणि तसं चालणार नाही. जाणकारांचा मजकूर हा एवढा लांब. अळी वाढली, फवारणी करा, वारा असताना करू नका, भर उन्हात करू नका, उपाशीपोटी करू नका, तोंड-नाक झाका, हात साबणानं धुवा. अहो, ही काय शाळेची सहल आहे?

मी म्हटलं, मॅडम, चौतीस वर्षं तार ऑफिसात काढली. लोकांचं बाळंतपण आणि मरण आठ शब्दांत बसवून दिलं आहे. अर्ध्या तासात मजकूर देतो.

दिला. 'कृषी सूचना: बोंडअळी वाढली. उद्या सकाळी फवारणी करा. वेळ दवडू नका.' चौसष्ट! सहा जागा शिल्लक. 'वेळ दवडू नका' मी मुद्दाम ठेवलं, त्याशिवाय माणूस हलत नाही. मॅडम म्हणाल्या, सुंदर. कितीतरी दिवसांनी कोणी मला असं म्हटलं.

२२ ऑगस्ट, मंगळवार

काल पोळा झाला. आज कर, म्हणून गावात कोणी कामाला हात लावत नाही. पण पतंगांना कर कुठला? दुपारी एकदम नऊ गावं लाल झाली. पाच वाजता मी बटण दाबलं. पडद्यावर एकेक नावापुढे हिरवी खूण उमटत गेली, पोचला, पोचला, पोचला. हजारावर माणसं आणि दहा-बाराच राहिली. तार पोचवायला आमचा माणूस सायकल हाणत जायचा, घरी कुत्रं अंगावर यायचं, आणि इथं बघा. मला भरून आलं, खोटं कशाला लिहू.

२५ ऑगस्ट

घरी गणपती बसला. मोदक बरे झाले होते.

उर्वशीनं सांगितलं, संदेश गेलेल्या गावांत परवा फवारणीची नुसती झुंबड होती. आधी जो तो आपल्या सवडीनं फवारायचा, कोणी सोमवारी, कोणी आठवड्यानं. आता सगळं गाव एकाच सकाळी. पंप मिळेना, फवारणारा माणूस मिळेना. ऐकून फार समाधान वाटलं. म्हणजे लोक वाचतात.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दवाखान्याचा एक रकाना आहे. जिल्ह्यातल्या दवाखान्यांत विषबाधेचे किती रोगी दाखल झाले तो आकडा दर तासाला तिथे येतो. आपल्याला त्यावर काही करायचं नाही, तो आरोग्यवाल्यांसाठी. कालपर्यंत दोन होते, आज सात. रजनीनं विचारलं हे कसलं विष? मी म्हटलं, आपल्या जिल्ह्यात विष म्हटलं की काय ते तुला ठाऊक नाही का? बिचारे पितात. सणासुदीलाच माणसाला जास्त जड जातं.

३१ ऑगस्ट

आज एक गंभीर गोष्ट उघडकीला आली. दुपारी दोन वाजता कोणती गावं लाल होणार ते दिसतं, संदेश पाच वाजता जातो. त्या मधल्या वेळात उर्वशी जिन्यात उभी राहून हळू आवाजात फोनवर गावांची नावं सांगत होती. मी ऐकलं. विचारलं तर तिनं लपवलं नाही. तिचे वडील फुलसिंग फवारणीच्या टोळीचे प्रमुख. अकरा जणांची टोळी आहे, शेत कोणाचंच नाही, दुसऱ्यांच्या शेतात जाऊन पंपावर फवारतात. आधी कळलं की ते संध्याकाळीच त्या गावात जाऊन काम ठरवून येतात.

मी खूप बोललो. चौतीस वर्षांत कोणाच्या तारेतला शब्द मी रजनीलाही सांगितला नाही, हे सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती. मग एवढंच म्हणाली, "सर, बाले मागच्या साली दोन महिने काम नव्हतं. यंदा लोक त्याले बोलावून राह्यले."

झोप लागली नाही नीट. बहुतेक चहा जास्त झाला.

२ सप्टेंबर

फुलसिंग स्वतः कक्षात आले. पन्नाशीचे असतील, काटक, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवलेला. मुगाच्या शेंगांची थैली माझ्या टेबलावर ठेवली. पडद्याकडे खूप वेळ बघत राहिले. आपली गावं कोणती ते उर्वशीला विचारत होते. मला म्हणाले, "तुमच्या मेसेजनं आमाले चांगले दिवस आले, साहेब. पह्यले आमी लोकायच्या दारी जात होतो, आता लोक आमच्या दारी येते."

तार ऑफिसात मला कोणी शेंगा आणून दिल्या नव्हत्या. उर्वशीला नंतर म्हटलं, जिन्यात बोलत जाऊ नकोस, आवाज घुमतो. आत बसूनच बोल. तिला कळलं. नियम माणसांसाठी असतात, माणसं नियमांसाठी नाही, असं मी स्वतःला समजावलं आणि ते पटलं.

११ सप्टेंबर

आठवड्यातून दोनदा संदेश जातो आहे. भैरवी मॅडम खूश. त्यांना कोणी पाहुणे आणायचे आहेत, म्हणून पडदा नीट दिसला पाहिजे म्हणाल्या. तो दवाखान्याचा रकाना सारखा पिवळा लुकलुकतो आणि नजर तिकडेच जाते. आज चौदा. मी उर्वशीला सांगून तो खाली सरकवून घेतला. आता नुसती गावं दिसतात, लाल आणि हिरवी.

मला एक जाणवलं आहे. आपला संदेश गेला की दोन दिवसांनी तो आकडा चढतो. योगायोग असेल. रजनीला हे सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही कोणाला तरी विचारा. कोणाला विचारू? आरोग्याचं खातं वेगळं आहे.

१९ सप्टेंबर

पाऊस नाही. ऊन तर मे महिन्याचं. कपाशी यंदा माणसाच्या डोक्याच्या वर गेली आहे म्हणतात, पंपाची नळी वर धरून फवारावं लागतं. फुलसिंगांना दोन दिवस डोळ्यांना अंधुक दिसतं आहे आणि उलटीसारखं होतं, असं उर्वशीनं सांगितलं. मी म्हटलं, ऊन लागलं. डोळ्यांत गुलाबजल घालायला सांग आणि कांदा खिशात ठेवायला सांग. ती म्हणाली, उद्या घरी राहा म्हटलं तं आयकत नाई.

२१ सप्टेंबर, गुरुवार

आज घट बसले. एकाच दिवशी एकतीस गावं लाल. हा आपला विक्रम. पाच वाजता पाठवलं, साडेपाचाला सगळे पोचले. मॅडमनी पुण्याहून अंगठा पाठवला.

२३ सप्टेंबर

उर्वशी आली नाही. अकरा वाजता फोन केला. काल संध्याकाळी फुलसिंग शेतातच पडले. तोंडाला फेस, हातपाय थरथरत होते. सरकारी दवाखान्यात आणलं आहे.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहून ठेवतो. वाटलं, त्यांनी का बरं प्यावं? त्यांचं तर चांगलं चाललं होतं.

२४ सप्टेंबर

दवाखान्यात जाऊन आलो. त्या वॉर्डात जागा नाही, खालीही गाद्या टाकल्या आहेत. बऱ्याच जणांचे हात पट्ट्यांनी खाटेला बांधलेले. विषावरच्या औषधानं ते झटापट करतात, नळ्या ओढून काढतात, म्हणून. फुलसिंगांनी मला ओळखलं नाही. छताकडे बघून हाताची मूठ वरखाली करत होते. मी उर्वशीला विचारलं हे काय करतात. पंप मारून राह्यला, ती म्हणाली.

तिची आई रुपीबाई खाटेजवळ खाली बसली होती. जो कोणी पांढऱ्या कपड्यातला जाईल त्याला ती सांगत होती, प्याले नाई, फवारत होते. डॉक्टर थकलेले होते. ते म्हणाले, बाई, इथले सगळे फवारतच होते.

सगळे. मी उभा राहून खाटा आणि गाद्या मोजल्या. कक्षातून निघताना खाली सरकवलेला तो रकाना वर ओढून या दवाखान्याचा आकडा पाहिला होता, तितकेच भरले.

एका गादीवरच्या माणसाला विचारलं कोणत्या गावचे. त्यानं सांगितलं. ते आमच्या एकतीसमधलं होतं. पुढच्याला विचारलं नाही.

२५ सप्टेंबर

जाणकारांचा जुना कागद शोधून काढला. वारा, ऊन, उपाशीपोट, तोंड-नाक, साबण. माझ्या लाल पेनाची रेघ सगळ्यावरून एका दमात गेली आहे. कुठे थांबलेलीसुद्धा नाही.

सकाळपासून मोजतो आहे. 'वेळ दवडू नका' काढलं असतं तर चौदा जागा सुटल्या असत्या. 'तोंड झाका' ला जागेसकट अकरा लागतात. एकूण एकसष्ट झाले असते. बसत होतं. दोन्ही संदेशांत फक्त तीनचा फरक आहे आणि बसत होतं.

रजनीला दाखवलं. तिनं कागद माझ्या हातातून घेऊन कपाटात ठेवला आणि जेवायला वाढलं.

२६ सप्टेंबर

भैरवी मॅडमना सगळं सांगितलं. त्या वाईट बाई नाहीत, त्यांचा आवाज खरंच बदलला. म्हणाल्या, फार वाईट झालं. पण मजकूर वरून मंजूर होऊन आलेला आहे, आता मध्येच बदलता येत नाही. पुढच्या हंगामाच्या बैठकीत घेऊ. मी म्हटलं, मग आज संदेश पाठवत नाही. सतरा गावं लाल आहेत, राहू देत. त्या म्हणाल्या, तुम्ही दमला आहात सर, घरी जा.

पाच वाजता मी हात बांधून पडद्यासमोर बसलो. पाच वाजून चार मिनिटांनी हिरव्या खुणा उमटायला लागल्या. बटण पुण्यातही आहे. दोन महिने मी समजत होतो की ते एकट्या माझ्याकडे आहे.

२८ सप्टेंबर

फुलसिंग आज पहाटे गेले. दुपारी तांड्यावर जाऊन आलो. मला बसायला खाट दिली, मी कोण ते कोणी विचारलं नाही.

३० सप्टेंबर

दसरा. सोनं द्यायला शेजारचे आले होते. मी झोपलो आहे असं रजनीनं सांगितलं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

तेरवी आटोपून उर्वशी कामावर आली. मला वाटलं नव्हतं येईल. म्हणाली घरी आता तिचीच कमाई आहे. पदर नीट खोचला, संगणक सुरू केला, रात्रीचे आकडे उतरवले. पतंग अजून येतच आहेत.

दुपारी मी तिच्यासमोर तो कागद ठेवला. चौसष्ट, चौदा, अकरा, एकसष्ट, सगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्या वडिलांना मी मारलं. मला वाटत होतं ती रडेल, किंवा मला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिनं कागद वाचला आणि परत दिला. "सर, तुमचा मेसेज बाच्या मोबाइलवर कधी आलाच नाई. सातबाऱ्यावर ज्यायचं नाव हाय त्यायलेच जाते तो. बाच्या नावानं शेत कुठं होतं? तुमी तोंड झाका लिवलं असतं तरी शेतमालकानंच वाचलं असतं." मग म्हणाली, "बाले गावं मी सांगत होती. दर खेपेले मीच."

हे ऐकल्यावर मला हायसं वाटलं. लिहायला हात धजत नाही, पण झालं ते झालं. छातीवरचं ओझं एकदम उतरलं, इतकं की मी पाणी प्यायलो. ती खाली बघत बसली होती. तसं नाही, तुझा काही दोष नाही, मीच तुला आत बसून फोन करायची मुभा दिली, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. सगळे शब्द तोंडाशी होते. म्हणालो नाही. ते माझ्याकडे परत येईल या भीतीनं गप्प राहिलो आणि पाच वाजेपर्यंत आम्ही दोघं काम करत होतो.

१३ ऑक्टोबर

आज तिला म्हटलं, टोळीच्या उरलेल्या दहा जणांचे नंबर दे, त्यांना यादीत घालू. तिनं वडिलांच्या मोबाइलमधून काढून दिले. बसून मी एकेक नाव भरलं. यंत्र नाव घेतं, गाव घेतं, नंबर घेतं. शेवटी गट नंबर विचारतं, तुमचं शेत कोणतं? तो चौकोन रिकामा ठेवला की लाल होतो आणि पूर्ण नाव पुसून टाकतो. शून्य टाकून पाहिलं. रेघ टाकून पाहिली. प्रेमसिंगचं नाव सहा वेळा भरलं, सहा वेळा पुसलं गेलं. पुण्याला विचारलं तर म्हणाले, योजना शेतकऱ्यांसाठी आहे.

घरी आल्यावर रजनी म्हणाली, राजीनामा द्या. दिला तरी काय? बटण पुण्यात आहे.

१४ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी दोन वाजता बावीस गावं लाल दिसली. उर्वशी आज तांड्यावरच थांबली होती, तिच्या आईला ताप आहे. मी एकटा होतो. ठरवलं, यंत्र घेत नाही तर न घेवो, आपण स्वतःच फोन करायचा. सत्तर अक्षरांची अट फोनवर नाही. जाणकारांचा पूर्ण कागद समोर घेतला, वारा, ऊन, उपाशीपोट, तोंड-नाक, साबण, आणि पहिला नंबर लावला. प्रेमसिंग. फुलसिंगांच्या मागे टोळी आता तोच चालवतो.

मी म्हटलं, मी वामन पांढरीपांडे, लोहाऱ्याच्या इशारा कक्षातून बोलतो, उर्वशीचा सर. मला पुढे बोलूच दिलं नाही त्यानं. इतका आनंद झाला त्याला.

"बरं झालं साहेब तुमी फोन केला. फुलसिंगभाऊ गेल्यापासून आमाले कोनी सांगतच नाई. सांगा, उद्या कोनतं गाव हाय?"

मी म्हटलं, ते नंतर, आधी माझं ऐकून घ्या, कागद वाचतो. त्यानं ऐकलं. हो साहेब, झाकतो साहेब, धुतो साहेब, असं प्रत्येक ओळीला म्हणाला. कशानं झाकता म्हणून विचारलं तर म्हणाला दुपट्टा हाय ना. मग उन्हात फवारू नका म्हटल्यावर तो जरासा हसला. म्हणाला, साहेब, सकाळी सकाळी एवढं वावर होते का? मालक तं दिवसभर उभा राह्यते.

कागद संपला. मागे लहान मूल रडत होतं आणि बाई त्याला गप्प करत होती.

"आता सांगा ना साहेब गाव," तो म्हणाला. "सोळा दिवस झाले, टोळी बसून हाय."

मी दहाही जणांना फोन केले. आठ लागले. आठही जणांनी कागद शेवटपर्यंत ऐकला आणि आठही जणांनी तेच विचारलं.

मी गावांची नावं सांगितली.